हौदातली खसखस

चाकणला आमच्या कंपनीच्या गेटाजवळ कमळांचा हौद आहे. तो सांभाळतो मुरारी, आमच्या भजनी मंडळाचा टाळकरी. यंदा गणपती होऊन पंधरवडा उलटला आणि हौदात खसखशीएवढे किडे टुणटुण उड्या मारायला लागले.

अ‍ॅडमिनचे दादासाहेब तापले. सोमवारी परदेशी पाहुणे यायचे होते. "मुरारी, गावच्या तळ्यात बुडवलेली बादली इथं आणलीस ना? कबूल कर, नाहीतर सोमवारी दुसरा माळी येईल."

"न्हाई साहेब. टाळाची आण. बादली हितलीच हाय. बगळ्यानं आणलं आसंल."

"बगळ्याला गेटपास कुणी दिला?"

लॅबमधल्या पुनमने हौदातला थेंब भिंगाखाली धरला, मग तळ्यातला. "किडे तेच आहेत, काका," ती हळूच म्हणाली. मुरारीचा चेहराच उतरला. तळं त्याच्या घरासमोरच.

बुधवारी तो खत आणायला स्टोअरमध्ये गेला. कंपनीच्या गणपतीचा पाट भिंतीला टेकवलेला. विसर्जनाहून येताना तळ्यातली मूठभर माती पाटावर घेऊन यायची, ही आपली रीत. त्यातलीच चिमूटभर पाटाच्या कोपऱ्यात वाळून खडखडीत झाली होती. मुरारी तिच्याकडे बघतच राहिला. मग पाट उचलून थेट लॅबमध्ये.

"ताई, ही माती पाण्यात टाकून बघा."

"इतकी वाळलेली? हिच्यात काय जगणार, काका?"

"कीर्तनात बुवा सांगत्यात, जीव आसा सहजी सरत न्हाई. बघा तर खरं."

शनिवारी बाटलीत खसखस नाचत होती. "अंडी होती मातीत," पुनम हरखून म्हणाली. "वाळली तरी झोपून राहतात. पाणी लागलं की उठतात."

बाटली दादासाहेबांच्या टेबलावर आली. "साहेब, पाटावरची बाकीची माती कुठं गेली?" मुरारीने विचारलं.

दादासाहेबांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. "हौदात सोडली. मीच. म्हटलं, कंपनीला बरकत येईल."

"आली की," मुरारी म्हणाला. "हजारांनी आली. आता बाप्पाला कामावरून काढता का?"

दादासाहेबांना हसू आवरेना.

सोमवारी एक परदेशी पाहुणा हौदावर वाकला आणि हे काय म्हणून विचारू लागला. दादासाहेबांनी मुरारीला हाताला धरून पुढं केलं. "यांना विचारा. हौद यांचा आहे."

"पाहुणंच हायत," मुरारी हात जोडून म्हणाला. "तुमच्या आदी आलेलं."

पुनमने त्याचं इंग्रजी करून सांगितलं. पाहुण्यानेही हौदाला हात जोडले.