दिवेलागणीचा फोटो

"थांब गं ताई, एवढ्यात वर जाऊ नकोस. आकाश अजून उजळ आहे, खिडक्या फिक्या पडतील."

रस्त्यापलीकडे ट्रायपॉड रोवून फोटोग्राफर उभा होता. समोर टेलिफोन एक्स्चेंजची चार मजली इमारत; सोमवारी ती पाडणार होते. तिसऱ्या मजल्यावर ताईने एकतीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली होती. सगळे दिवे लागलेले असताना इमारतीचा एक फोटो, एवढंच तिने या धाकट्या भावाकडे मागितलं होतं. तेही आयुष्यात पहिल्यांदा.

काल रात्री तो तोंडघशी पडला होता. भिंती दिसाव्यात म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवलं, तर खिडक्या पांढऱ्याफटक झाल्या. खिडक्या सांभाळल्या, तर अंधाराने इमारतच गिळली. चाळीस वर्षं लग्नांचे फोटो काढलेला माणूस. पण चार मजल्यांना फ्लॅश कसा पुरणार?

आज तो दिवेलागणीलाच आला. काळोख पुरता पडायच्या आत आकाशाचा आणि खिडक्यांचा उजेड दहा मिनिटं सारख्या तोलाचा होतो. तेवढ्यातच साधायचं होतं.

काल रखवालदाराने दिवे लावले होते. आज त्याचे गुडघे संपावर होते. "बाई, किल्ली घ्या. बटणं तुम्हाला माझ्याहून ठाऊक."

आकाश गर्द निळं झालं तसा भावाने हात हलवला. ताई आत गेली. एकेक खिडकी झोपेतून डोळे उघडावेत तशी उजळत गेली. सगळ्यात शेवटी तिचा तिसरा मजला उजळला आणि त्याने शटर उघडलं. तीस सेकंद.

तेवढ्यात ताई खिडक्यांमागून चालू लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, ऑपरेटरांच्या रिकाम्या जागांवरून हात फिरवत. 'उभी राहा' असं ओरडायला हवं होतं. त्याने शटर तसंच उघडं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ताईने चष्मा लावून फोटो पाहिला. दगडन् दगड दिसत होता. खिडक्या मधासारख्या.

"मी कुठंय रे?"

"चालत होतीस ना. इतक्या वेळच्या फोटोत चालणारं माणूस उमटत नाही. चुकलंच माझं, थांबवायला हवं होतं तुला."

"चुकलं कसलं? एकतीस वर्षं लोकांशी बोलले, कुणी तोंड पाहिलं होतं का माझं?"

ती हसली. मग तिसऱ्या मजल्याच्या एकेका खिडकीवर बोट ठेवत, हलक्या आवाजात ती तिथे बसणाऱ्या मैत्रिणींची नावं घेऊ लागली.