अंबाड्यातलं फूल

नवरी सजवणाऱ्या रोकियामावशीने मलेशियातल्या पेराकच्या रानातून गुलाबी ऑर्किडचा घोस खुडून आणला आणि सुरायाच्या अंबाड्यात माळला. आता पाहुण्यांसमोर नवरानवरीने सिंहासनावर पुतळ्यासारखं बसायचं, अशी रीत होती.

"फुलासारखी सून मिळाली हो, तोंडातून शब्द नाही!" सासू मिरवत होती.

तेवढ्यात अंबाड्यावर मधमाशी उतरली. घोसातल्या एका फुलाने तिला झडप घालून धरलं आणि जिवंतच कुरतडायला सुरुवात केली. सासू किंचाळली. मावशीच्या हातातलं अक्षतांचं तबक खाली पडलं.

"डोळे फुटले होते का माझे! फूल समजून किडा माळला मी!" म्हणत ती धावली.

सुराया तसूभरही हलली नाही.

"राहू दे, मावशी," ती हळूच म्हणाली. "सासूबाईंना नीट बघू दे."