शेजारची सीट

गप्प बसणं हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेत तो लिहून ठेवलेला आहे. ईशानीने हे ताठ मानेने जाहीर केलं, कारण फ्रिजमधलं श्रीखंड कोणी संपवलं, एवढंच तिच्या आईने विचारलं होतं.

"फिफ्थ अमेंडमेंट," ईशानी म्हणाली. शारजातल्या अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत ती अकरावीला होती. "आय डोन्ट हॅव टू आन्सर, आई."

"तोंड पूस आधी," शोभना म्हणाली.

शोभनाचा नवरा राजन टिपणीस हसला नाही. उद्या सकाळी त्याला साहेबांनी बोलावलं होतं.

हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत तो एकोणीस वर्षं स्टोअर्स सांभाळत होता. कंपनीच्या बसचा एसी जूनपासून बंद. कोणीतरी घामाने निथळणाऱ्या माणसांचा व्हिडिओ काढून थेट हेड ऑफिसला पाठवला. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. पण खालच्या कोपऱ्यात राजनच्या मांडीवरचा निळा डबा दिसत होता. म्हणजे व्हिडिओ शेजारच्या सीटवरून काढलेला. तिथे मोहिद्दीन बसायचा, पॅकिंगमधला, रत्नागिरीचा.

"टिपणीसभाय, माझा नाव घेऊ नका हां," तो म्हणाला होता. "नोकरी गेली तर व्हिसा खलास."

नाव घेतलं तर मोहिद्दीनची नोकरी जाणार. नाही घेतलं तर कदाचित राजनची, आणि तिच्याबरोबर ईशानीची शाळा.

सकाळी साहेबांनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. साहेब पुण्याचे, वाईट बातमी ते मराठीतून देत.

"डबा तुमचाच ना?"

राजन गप्प.

"शेजारी कोण होतं, टिपणीस?"

भिंतीवर 'आमची माणसं, आमची संपत्ती' अशा अर्थाचं इंग्रजी पोस्टर होतं. राजनने ते दोनदा वाचलं. पण तो बोलला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच आपण एखादा हक्क बजावतोय, असं त्याला वाटलं. तोही परक्या देशाचा.

"हरकत नाही," साहेब म्हणाले. "मीटिंगमध्येही तुम्ही असेच बसता. अहो, बसमध्ये सगळ्यांच्या सीटा ठरलेल्या आहेत, ड्रायव्हरने कालच सांगितलं. मोहिद्दीनचं झालं आज सकाळी. तुम्हाला आपलं कन्फर्म करायला बोलावलं. या."

गेटवर मोहिद्दीन टॅक्सीची वाट बघत होता. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सेफ्टी शूज.

"तुमी काय बोललात नाय ना?"

"नाही."

"मग झाला," म्हणाला आणि टॅक्सीत बसला.

रात्री जेवताना राजनने सगळं सांगितलं. शेवटी जरा चाचरत म्हणाला, "तुझी ती पाचवी घटनादुरुस्ती वापरली."

"बाबा, ती ओन्ली स्वतःला वाचवायला असते. दुसऱ्याला नाही. अँड ओन्ली अगेन्स्ट द गव्हर्नमेंट. प्रायव्हेट कंपनीला ती लागूच होत नाही." मग तिने घास खाली ठेवला. "बट यू डिडन्ट टेल?"

"नाही."

ईशानी आईकडे वळली.

"आई, श्रीखंड मी संपवलं," ती म्हणाली.

"माहीत आहे मला," शोभना म्हणाली. "पोळी घे."

शेजारच्या सीटवर राजन आता डबा ठेवतो. बसचा एसी डिसेंबरात दुरुस्त झाला. सकाळी थंडी वाजते म्हणून ड्रायव्हर तो लावत नाही.