वाजणारा खंड

बाइंडरच्या बायकोने भांडणं सोडलं, तेव्हा तो खरा घाबरला.

ऑपरेशन नीट पार पडलं होतं. टाके सुकले, ताप उतरला, पण तिच्या तोंडाची चव गेली ती गेलीच. सूप नेलं तर दोन चमचे, दूध नेलं तर एक घोट. सहा आठवड्यांत तिचे कपडे खुंटीला टांगल्यासारखे लोंबायला लागले. त्याहून वाईट म्हणजे ती कशालाच काही म्हणेनाशी झाली. बाइंडरने एके दिवशी पुस्तकं बांधताना लागणाऱ्या खळीचं भांडं जेवायच्या टेबलावर आणून ठेवलं. मुद्दामच ठेवलं. एरवी या एका भांड्यावरून घर डोक्यावर घेतलं गेलं असतं. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "राहू द्या. तुम्ही म्हणाल तसं."

चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्याने ऐकलं नव्हतं. कधीतरी ऐकायला मिळावं असं मात्र पुष्कळदा वाटलं होतं. आता ऐकलं आणि ते नकोसं झालं. भांडं त्याने तिथून उचललं नाही, रोज आशेने बघत राहिला.

गुरुवारी डॉक्टर येऊन गेले. जिन्यात त्यांनी बाइंडरला थांबवलं. "सोमवारी वजन करू. आणखी घसरलं, तर परत दाखल करून नळीने अन्न द्यावं लागेल. मला ते नको आहे, त्यांनाही नको असणार."

"मग खायला देऊ काय?"

"मागतील ते द्या. दगड मागितले तर दगड द्या."

बाइंडर वर आला, तिच्या पलंगापाशी स्टूल ओढून बसला आणि सरळ विचारलं, "काय खावंसं वाटतंय?" ती खिडकीकडे वळली. मग म्हणाली, "ते स्टेशनवरचं. घड्यांचं."

ते कुठलं, हे त्याला विचारावं लागलं नाही. अकरा वर्षांपूर्वी लेक परदेशात नोकरीला होती, तेव्हा दोघं महिनाभर तिच्याकडे राहून आली होती. दोघांच्या आयुष्यातला तेवढाच एक परदेश. निघायच्या दिवशी गाडीला उशीर झाला म्हणून फलाटावरच्या टपरीतून एक पुडा घेतला. आत सहा वड्या होत्या, कागदासारख्या पातळ लाट्यांच्या घड्या घालून भाजलेल्या. वर खारट-गोड साखरेचा करपट पापुद्रा, काळे तीळ, आणि संत्र्याच्या सालीचा वास. बाइंडर त्यातली एक हातात धरून घड्या मोजत बसला होता, तेव्हा ती म्हणाली होती, "आधी खा, मोजताय काय." नेहमी मोठा वाटा त्याच्या ताटात सारणाऱ्या या बाईने त्या दिवशी सहापैकी चार खाल्ल्या, आणि बोट ओलं करून पुड्यातला चुरासुद्धा टिपला. परत आल्यावर तिने गावातली एकूण एक दुकानं पालथी घातली. दरवेळी एक घास खाऊन म्हणायची, "नाही. हे ते नाही."

बाइंडरने लेकीला फोन लावला. ती आता तिसऱ्याच देशात होती. "बाबा, त्या फलाटावर पन्नास प्रकार मिळायचे. नाव सांगा, तिथल्या मैत्रिणीला विमानाने पाठवायला सांगते. नाव काय होतं?"

नाव कोणाला ठाऊक? लिपीच वाचता येत नव्हती. पण पुड्याचा कागद त्याने आणला होता, हे बाइंडरला पक्कं आठवत होतं. बोटभर कागद टाकवत नाही, अशी ही बाइंडरांची जात. बाहेरून चकचकीत आणि आतून चिवट असा तो कागद बघून त्याला इतकं बरं वाटलं, की परत आल्या आल्या त्याने तो एका पुस्तकाच्या पाठीला अस्तर म्हणून लावून टाकला. पुस्तक लायब्ररीचं होतं. जुन्या मासिकांचे चौदा खंड त्या महिन्यात बांधून दिले होते, त्यांतला एक. म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

कागद लावताना बायको शेजारीच उभी होती. "चकचकीत आहे तो. वाजेल," असं ती म्हणाली होती. तो म्हणाला होता, "तीस वर्षं हेच करतोय. मला शिकवू नकोस."

शुक्रवारी लायब्ररी उघडायच्या आधीच तो दारात हजर. ग्रंथपाल बाईंनी कुलूप काढता काढता सगळं ऐकून घेतलं. बाई कडक, पण कान देऊन ऐकणाऱ्या.

"चौदा खंडांपैकी कुठल्यात, ते आठवत नाही," बाइंडर म्हणाला. "सगळे जरा हाताळून बघावे लागतील."

"नाही लागणार," बाई म्हणाल्या आणि थेट मागच्या कपाटापाशी गेल्या. सातवा खंड काढून त्यांनी टेबलावर उघडला. शांत खोलीत कर्रकन आवाज झाला. "अकरा वर्षं वाचक तक्रार करताहेत. तीनदा तुम्हाला निरोप दिला. तुमचं उत्तर लक्षात आहे माझ्या. पुस्तक वाजत नसतं, वाचणाऱ्याचे हात धड नसतात."

"हवा दमट असली की कधीकधी..." बाइंडर म्हणाला.

"हो का?" बाई म्हणाल्या आणि पुस्तक पुन्हा एकदा उघडून मिटलं. "कापा. पण माझ्यासमोर. आणि परत बांधून द्यायचं."

स्वतःच्या हातचं काम कापणं सोपं नसतं. पुठ्ठा जिथे पाठीला मिळतो तिथे त्याने सुरी घातली, कापड उचललं, ओलं फडकं दाबून खळ भिजवली. खळ इतकी पक्की होती, की एरवी त्याने स्वतःची पाठ थोपटून घेतली असती. आज तिलाच शिव्या घातल्या. तासाभराने कागद सुटून आला. निळा, चंदेरी, कडेला संत्र्याचं चित्र. आणि नाव नव्हतं. पाठीच्या मापाने पट्टी कापताना त्याने ते तेव्हाच छाटून टाकलं होतं. मापाचा पक्का माणूस, रेषेवर कापलं होतं.

बाइंडर खुर्चीत बसला.  सोमवार, ती नळी, बायकोचे काटकुळे हात, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि त्याला रडू कोसळेल असं वाटलं.

बाईंनी कागद उजेडात धरला. "नाव गेलं, पण मागची बारीक अक्षरं शाबूत आहेत. पदार्थात काय काय घातलंय, ते लिहिलेलं असतं हो." त्या उठल्या आणि त्या भाषेचा एक जाडजूड शब्दकोश घेऊन आल्या. दुपारपर्यंत दोघं एकेक अक्षर जुळवत बसली. कणीक, लोणी, साखर, मीठ, काळे तीळ, संत्र्याची साल. एक शब्द काही केल्या लागला नाही, तो सोडून दिला.

"किती किती घालायचं, ते नाही लिहिलेलं," बाइंडर म्हणाला.

"घड्या किती होत्या, ते तरी आठवतं का?"

तेवढं मात्र आठवत होतं. सोळा पदर. अगदी पुस्तकाच्या फर्म्यासारखी, शिवण्याआधी पानांच्या मापाला दुमडलेल्या मोठ्या कागदासारखी घडी. म्हणूनच तर फलाटावर मोजत बसला होता.

शनिवार वाया गेला. लाटी फाटली, दुसरी ओव्हनमध्ये फुगून फुटली, तिसरीचा कोळसा झाला. चहापलीकडे ज्याने स्वयंपाकघरात काही केलं नव्हतं, त्याच्या नाकी नऊ आले. रविवारी सकाळी डोक्यात लख्ख उजेड पडला. फर्मा घडी घातल्याबरोबर कोणी शिवतं का? तो आधी दाबात ठेवायचा असतो. मग त्याने पीठ ताणून पातळ केलं, घडी घालायची हाडाची पट्टी उकळत्या पाण्यातून काढली, एकेक घडी तिने दाबून बसवली, आणि स्वच्छ कापडात गुंडाळून लाट्या थंड जागी पुस्तकांच्या वजनाखाली ठेवल्या. दुपारी भाजल्या. कडा करपल्या, पण पदर उभे राहिले.

ताटलीत चार वड्या आणि शेजारी तो कागद ठेवून तो तिच्यापाशी गेला. तिने कागद बघितला, मग वडी उचलली आणि कोपरा चावला. 

"हे ते नाही," ती म्हणाली.

त्याने मान खाली घातली. पण चावण्याचा आवाज थांबला नव्हता.

"कागद कुठे सापडला?"

"लायब्ररीत. सातव्या खंडाच्या पाठीत."

"वाजत होता?"

हवेचा दमटपणा अगदी जिभेच्या टोकावर आला होता. ग्रंथपाल बाईंसमोर त्याने जे कबूल केलं नव्हतं, ते इथे तरी का करावं? त्याने तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत सहा आठवड्यांत पहिल्यांदाच काहीतरी जागं झालं होतं.

"वाजत होता," तो म्हणाला. "अकरा वर्षं."

"मी तेव्हा काय म्हणाले होते?"

"वाजेल म्हणाली होतीस."

"आणि तुम्ही काय म्हणाला होतात?"

"मला शिकवू नकोस, म्हणालो होतो. माझं चुकलं."

 तिचा हात ताटलीकडे गेला आणि तिने दुसरी वडी उचलली. "साखर जास्त झालीय," ती खाता खाता म्हणाली. "मीठ कमी. आणि जेवायच्या टेबलावर खळीचं भांडं कोणी ठेवलंय? माणसं जेवतात तिथे. उचला आधी ते."

बाइंडर उठला. भांडं उचलून त्याने मोरीत नेऊन ठेवलं आणि नळ सोडून उगाचच धुवत राहिला, कारण तोंडावर पाणी मारायची वेळ आली होती. आतून तिचा आवाज आला, चांगला खणखणीत.

"आणि येताना आणखी दोन आणा. कमी करपलेल्या."