आतून लागणारी कडी

एकोणीस वर्षं शाळेचे संडास धुणाऱ्या मावशींना आजवर कोणी काही विचारलं नव्हतं. फिनेल संपलं का, एवढं सोडून. त्यामुळे मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ‘शुक्रवारच्या सभेला तुम्हीही या, तुमचं मत हवंय’ असं सांगितलं तेव्हा मावशी मनातून फुलून गेल्या. पुढं जे झालं त्याचं मूळ त्या फुलण्यातच होतं, असं त्या आता स्वतःच म्हणतात. त्यातून त्यांना कोणी समजावून सोडवूही शकत नाही, कारण ते खरंच आहे.

भांडण होतं संडासांचं. जुने पाडून नवे बांधायचं ठरलं होतं. मोठ्या बाईंचं म्हणणं, मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे असं करूच नये. सरळ एका ओळीत आठ बंद खोल्या काढाव्यात, प्रत्येकीला जमिनीपासून वरपर्यंत दार, आतून कडी, आणि हात धुवायला बाहेर एकच लांब बेसिन. ज्याला लागली त्यानं रिकामी दिसेल तिच्यात जावं. एवढ्यावरून पालकांनी शाळा डोक्यावर घेतली. विरोध करणाऱ्यांचे पुढारी पालक संघाचे अध्यक्ष. त्यांचं फरशांचं दुकान होतं आणि आवाज दुकानापेक्षा मोठा होता. बाजूनं बोलणाऱ्यांत एक वकीलबाई पुढं होत्या, त्या हातात कागद धरल्याशिवाय बोलत नसत. एकीकडून मुलींच्या सुरक्षिततेचं निघायचं, दुसरीकडून जग कुठल्या कुठं गेलं त्याचं. घरी काय प्रत्येकाला वेगळा संडास असतो का, असं कोणी म्हटलं की घर आणि शाळा एक नव्हे, असं दुसरा म्हणायचा. अशा तीन सभा झाल्या. सहा-सात वर्षांच्या पोरांच्या लघवीवर एवढी मोठी माणसं एवढं बोलली, पण एकानंही उठून वीस पावलांवरचे ते संडास जाऊन पाहिले नाहीत. पाहिले असते तर कळलं असतं की तिथली दारं गुडघ्यापासून छातीपर्यंतच आहेत आणि कड्या कधीच्या निखळून पडल्यात.

मावशींना हे पाठ होतं. आणि आणखी एक गोष्ट त्यांना माहीत होती, ती त्यांनी वर्षभर पोटात ठेवली होती.

दुसरीत एक लेकरू होतं. हजेरीपटावर मुलगा. पण केस मानेपर्यंत, आवाज बारीक आणि खेळणं सगळं मुलींमध्ये. मुलांच्या संडासात गेलं की बाकीची पोरं दारावर लोंबकळून ‘बघू, आहे का बघू’ करायची. मुलींकडे गेलं की आतून किंकाळ्या. पोरं वाईट नव्हती, घरी कानावर पडलेलं इथं आणून वापरत होती. एका मधल्या सुट्टीत मावशींना ते जिन्याखाली पाय आवळून उभं दिसलं. चेहरा पांढराफटक.  झाडू-बादल्यांच्या खोलीत शिक्षकांनी टाकून दिलेला एक जुना संडास होता आणि त्याच्या दाराला आतून कडी होती. तिथं त्यांनी त्याला नेलं.

तेव्हापासून तो नेमच झाला. सुट्टी संपून सगळे वर्गात बसले की लेकरू वर्गातल्या बाईंना विचारून यायचं. मावशी बाहेर पालथ्या बादलीवर बसायच्या. आतून दर मिनिटाला विचारणा व्हायची, “मावशी, आहेस ना?” आणि मावशी म्हणायच्या, “आहे रे बाबा, कुठं जाते.” लेकराची आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. एकदा ती फाटकापाशी आली, मावशींचा हात दोन्ही हातांत धरला आणि निघून गेली. मावशींना तेवढं पुरलं होतं.

शुक्रवारी मावशींनी एप्रन काढून ठेवला, केस पुन्हा विंचरले आणि त्या सभेला गेल्या. पोरांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. अर्धा तास नेहमीचं भांडण झालं. मग अध्यक्ष म्हणाले, की आजवर या शाळेत कुणा मुलाला काही अडचण आल्याचं एकतरी उदाहरण दाखवा, उगीच नसतं खूळ आणू नका. मोठ्या बाईंनी मावशींकडे पाहिलं.

मावशी उभ्या राहिल्या. भीती होती, पण बरंही वाटत होतं. “एक लेकरू आहे,” त्या म्हणाल्या. “ते दोन्हीकडे जात नाही. जाऊ देत नाहीत. मी त्याला माझ्या खोलीत नेते. बंद दार असलं तर कुणालाच काही त्रास नाही, एवढंच माझं म्हणणं.”

चार सभांत पहिल्यांदाच कोणी मध्ये तोंड घातलं नाही. मावशींना वाटलं, जिंकलं. आता कोणीतरी म्हणेल, खरंच की, हे आमच्या लक्षात नाही आलं.

मागून कोणीतरी विचारलं, “कुठलं?”

नाव सांगणार नाही, असं मावशी म्हणाल्या. मग वर्ग विचारला गेला. मग, मुलगा की मुलगी. मावशींनी ओठ घट्ट मिटले. जिभेवर त्यांचा ताबा होता. डोळ्यांवर नव्हता. खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर धुलाईघरातून परस्पर आलेली ती आई बसली होती आणि मावशींची नजर एकदा, फक्त एकदा, तिच्याकडे गेली. कदाचित तिच्याकडून धीर घ्यायला गेली असेल, कदाचित माफी मागायला. त्या नजरेमागोमाग पन्नास माना वळल्या.

आईनं मान खाली घातली. तिथंच सगळ्यांना उत्तर मिळालं.

नंतर जे झालं त्यात दोन्ही बाजू सारख्याच होत्या, हे सांगायला हवं. अध्यक्ष म्हणाले, म्हणजे एका मुलासाठी चारशे मुलांची घडी मोडायची. त्यांच्या शेजारच्या गृहस्थांनी त्या मुलाला डॉक्टरकडे न्या, असा फुकटचा सल्ला दिला. आणि वकीलबाई, ज्या भल्याच होत्या, त्यांना तर घबाडच मिळालं. त्या बाकांमधून वाट काढत आईपाशी गेल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या की तुमच्यासारख्यांनीच आता पुढं यायला हवं, बोला, आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत. आई उठली. तिनं तो हात खांद्यावरून हलकेच काढून ठेवला आणि बाहेर पडली.

सोमवारी झाडू-बादल्यांच्या खोलीला शाळेचं कुलूप होतं. एका मोठ्या माणसानं मुलाला बंद खोलीत नेणं कसं चालतं, असा अध्यक्षांनी प्रश्न काढला होता आणि मोठ्या बाईंना उत्तर सुचलं नव्हतं. वाद मिटेपर्यंत, असं त्या म्हणाल्या. मावशींच्या झाडूंसाठी जिन्याखाली जागा करून दिली होती.

सुट्टी संपल्यावर लेकरू नेहमीप्रमाणे आलं. त्यानं कुलपाकडे पाहिलं, मग मावशींकडे. मावशींनी सांगितलं, मी मुलींच्या दाराशी उभी राहते, मुंगीलासुद्धा आत सोडत नाही, चल. त्यानं मान हलवली. मग मुलांकडे चल. पुन्हा मान हलवली. मावशींनी हात धरला. लेकरू हात सोडवून वर्गात गेलं. ओरडलं असतं, रडलं असतं तर मावशींना बरं वाटलं असतं.

तासाभरानं दुसरीच्या वर्गातून निरोप आला, पोतेरं घेऊन या. बाकाखाली ओल पसरली होती आणि आजूबाजूची पोरं नाक धरून मागं सरकली होती. लेकरू वहीत डोकं घालून काहीतरी लिहीत होतं, पेन्सिल मात्र कागदावर टेकत नव्हती. मावशी मोठ्यानं म्हणाल्या, अगंबाई, सकाळी माझ्याच हातून इथं बादली सांडली वाटतं. पुढच्या बाकावरची एक मुलगी, चांगली हुशार, म्हणाली, “मावशी, बादली तर तू आत्ता आणलीस.” सगळा वर्ग हसला. बाईंनाही हसू दाबावं लागलं. मावशी गुडघ्यांवर बसून पुसत राहिल्या. पुसून झालं तरी पुसत राहिल्या, कारण उठल्यावर त्याच्या तोंडाकडे पाहावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून ते आलं नाही. आठवड्यानं त्याचा दाखला गेला. संडासांचा प्रश्न पुढच्या वर्षावर ढकलला, आणि ज्या मुलाचा प्रश्न होता ते मूल आता आपल्याकडे नाहीच, अशी अध्यक्षांनी सभेत नोंद करून घेतली. ती नोंद चुकीची होती असंही कोणाला म्हणता येईना.

तीन आठवड्यांनी आई राहिलेला एक कागद न्यायला आली. मावशी व्हरांडा पुसत होत्या. लपायला जागा नव्हती, नाहीतर त्या लपल्या असत्या. त्यांनी मनात शंभर वेळा घोकलेलं सगळं विसरून भलतंच विचारलं.

“नव्या शाळेत कसं आहे ते, संडासाचं?”

“तसंच,” आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “दोन दारं. पण आता अडचण येत नाही. सकाळी उठल्यापासून पाणीच द्यायचं नाही आणि शाळेत त्यानं मागायचं नाही, असं शिकवलंय. आधी आठ दिवस रडलं. आता जमतं त्याला.”

 मावशींच्या हातातल्या पोतेऱ्याचं पाणी पायावर गळत होतं.

आईनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मग जाता जाता, सहज सांगावं तसं म्हणाली, “काल तर सुट्टी होती. दिवसभर घरीच होतं माझ्याजवळ. तरी पाणी मागितलं नाही.”