ओरेस्टचा कान

ओरेस्टने प्लास्टरच्या कवचाला कान लावला, पेरांनी तीनदा ठोकलं आणि म्हणाला, "भरीव आहे. उलटवू या."

ट्रूडीनेही तो आवाज ऐकला होता. उजव्या अंगाला तो पोकळ आला होता.

कवचात शिंगवाल्या डायनोसॉरच्या पिल्लाची कवटी होती. इतकी लहान कवटी अल्बर्टाच्या या दऱ्यांत त्यांच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. खडकासकट ती गोणपाट-प्लास्टरच्या पट्ट्यांत गुंडाळली होती आणि खाली आधाराला मातीचा बारीक देठ तेवढा ठेवला होता. देठ तोडून उलटवताना आत पोकळी निघाली, तर साडेसात कोटी वर्षं टिकलेलं हाड डोळ्यांदेखत भुगा होऊन सांडणार होतं.

क्लेमने पहार उचलली. "चला, आटपा. पाऊस आला की ही माती साबण होते. कवटीच्या आधी आपणच नदीत!"

ओरेस्टच्या पायाशी वायरलेस खरखरला. तो आभाळाकडेच बघत राहिला. शेवटी ट्रूडीने धावत जाऊन वायरलेस उचलला. कवच न्यायला येणारा हेलिकॉप्टरचा पायलट दहा मिनिटांत उतरणार होता, पहिला थेंब पडला की मात्र थांबणार नव्हता.

"ओरेस्ट, उजवीकडे पुन्हा ठोकता?" ती त्याच्या पाठीमागून म्हणाली.

तो पुढे वाकून कवचावरची धूळ झटकत राहिला.

या उन्हाळ्यात क्लेमच्या विनोदांना तो सगळ्यांच्या नंतर का हसायचा, ते तिला आत्ता कळलं. तिला भीती वाटली, आणि त्याचा रागही आला. अकरा वर्षं याच माणसाने तिला ठोकून ऐकायला शिकवलं होतं.

ती वळसा घालून त्याच्यासमोर उभी राहिली. "उजवीकडची पट्टी माझ्या हातून नीट बसली नाही. तिथे फोडून बघू या."

"काय गं हे!" क्लेम वैतागला. "त्याने ऐकलंय ना? या माणसाचा कान कधी चुकलाय?"

"चूक माझी आहे, क्लेम. मला बघू दे."

ओरेस्ट बाजूला सरकला. तिने छिन्नीने कवचाला भोक पाडलं आणि हात आत घातला. मनगटापर्यंत गेला.

क्लेमची शिवी अर्ध्यावरच राहिली. ओरेस्टने तिच्या त्या हाताकडे पाहिलं, मग गुडघ्यांवर बसून पातळ प्लास्टर कालवलं आणि भोकात ओतलं. ओतता ओतता, फक्त तिलाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ती पट्टी मी लावली होती."

टेकाडावर हेलिकॉप्टर उतरलं. ढग नदीपलीकडे येऊन ठेपले होते. प्लास्टर तापलं, मग हळूहळू गार होत गेलं. क्लेम पहार या हातातून त्या हातात घेत उभा होता.

प्लास्टर पुरतं गार झालं, तरी ओरेस्टने कान लावला नाही. त्याने ट्रूडीचं मनगट धरून तिची पेरं कवचावर टेकवली.

"तू ठोक."

तिने कवचाच्या चारी अंगांना ठोकलं. तो तिचा चेहरा बघत होता. तिने होकारार्थी मान डोलावली.

"तोड, क्लेम," ओरेस्ट म्हणाला.

पहार बसली. देठ तुटला. तिघांनी मिळून कवच एका दमात उलटवलं. खडकाचा एक कणही सांडला नाही.

"बघितलंस?" क्लेम दोन्ही हात उंचावून ओरडला. "शेवटी ओरेस्टचा कान तो ओरेस्टचा कान!"

ओरेस्टने त्याच्या ओठांकडे नीट पाहिलं.

"ट्रूडीचा," तो म्हणाला.