सेशेल्स ते मॉरिशस, पावणेतीन तास

माझं डोकं लवकर तापतं, हे दिघोरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्या दिवशी ते तापायलाच हवं होतं, असं मी तेव्हा समजत होतो.

माझी बहीण रक्षा मॉरिशसच्या एका हॉटेलात काम करते. तिच्या नवऱ्याने, भूपेंद्रने, तिचा हात दोनदा मोडला, तेव्हा मीच तिला तिकडे धाडली. ती कुठल्याशा बेटावर आहे एवढंच कळल्यावर त्या नालायकानेही बेटावरचं बांधकाम धरलं, पण एजंटाने त्याला उतरवलं सेशेल्सला. तिचा पत्ता त्याला मिळाला नव्हता, तोवर मी सुखाने झोपत होतो.

घात केला मंडईने. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली की सोयऱ्यांना बोलवायचंच, मग भांडण असो की कोर्टकचेरी. आईने भूपेंद्रच्या घरीही निरोप धाडला. त्याची आई धुरपताबाई आणि धाकटा भाऊ कैलाश आले. धुरपताबाई म्हणाली, "सुनेले लुगडं धाडतो, पत्ता द्या." पाहुणीचा आहेर नाकारायचा कसा? आईने पत्ता लिहून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे अंगणात चहा घेत होते. माझा फोन वाजला. भूपेंद्र होता.

"पत्ता भेटला गा, साल्या. विमानात चढून राहिलो. तुह्या बहिणीले आज कापतोच."

मी मोबाइलवर दोन्ही विमानतळांची नावं टाकली. जवळपास साडेसतराशे किलोमीटर, उडायला पावणेतीन तास. दिघोरीहून एसटीने भंडाऱ्याला जाऊन यायलाही याहून जास्त लागतात. रक्षाला वीसेक वेळा फोन लावला. कामावर असताना तिचा फोन कपाटात बंद असतो.

"कैलाश, तुह्या भावाले फोन लाव. थांबव त्याले."

तो बशीतला चहा भुरकत राहिला. "नवरा-बायकोच्या मधात आपण काहून पडाचं, भाऊ? त्याची बायको आहे, तो पाहून घेईल."

मी अंगणातल्या बैलबंडीची उभारी, तिच्या कडेचा लाकडी दांडका, उपसली. पहिला तडाखा खांद्यावर बसला, दुसरा डोक्यात. तो पालथा पडला तरी मी विचारत होतो, "लावतं का फोन?" आणि हाणत होतो. धुरपताबाईने माझे पाय धरले, तिलाही लाथ घातली. खोटं कशाला बोलू, प्रत्येक तडाख्याला मला बरं वाटत होतं.

"कमलेश, मेला रे तो," आई म्हणाली. तो खरंच मेला होता.

तेवढ्यात रक्षाचा फोन आला. रक्ताच्या हातातून मोबाइल निसटत होता.

"पळ, रक्षा! भूपेंद्र विमानात बसला. दोन तासात पोचते तो!"

ती हसली. किती महिन्यांनी तिचं हसू ऐकलं.

"धमक्या देते गा तो, दादा. आज तिकडून विमानच नाही. रोज नाही येत इथं. अन् आला तरी गेटावर त्याचा फोटो देऊन ठेवला म्या. तू काही भिऊ नोको." मग कौतुकाने तिने विचारलं, "मंडईले कोण कोण आलं?"

"कैलाश आला होता," मी म्हटलं.